परुळकरांचा धडा हवा

महोदय,

१९७१ चे युद्ध म्हटले की लोंगेवाला आणि ढाक्याची शरणागती आठवते. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर मात्र क्वचितच. १९६५ च्या युद्धात जखमी होऊनही त्यांनी विमान परत आणले होते. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचे सुखोई-७ पडले आणि ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल व हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह त्यांनी रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून पोबारा केला. पेशावरमार्गे तिघे अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी पोचले. तिथे लंडी खाना स्थानकाची चौकशी केली आणि घात झाला. ते स्थानक १९३२ पासूनच बंद, त्यामुळे संशय आला! पकडले गेल्यावर परुळकरांनी पाकिस्तानी हवाई दल प्रमुखांच्या एडीसीला (व्यक्तिगत सहायक अधिकाऱ्याला) फोन लावायला लावला. हा अधिकारी पूर्वी त्यांच्याच छावणीचा प्रमुख होता. त्याने ओळख पटवली म्हणून तिघांचे प्राण वाचले. मला तर पलायनापेक्षा हे प्रसंगावधान मोठे वाटते. पुढे डिसेंबर १९७२ मध्ये ते मायदेशी परतले. शालेय पाठ्यपुस्तकात यावर एक धडा घ्यावा, ही बालभारतीला विनंती.

– एक वाचक