दहावीच्या त्या २० गुणांबद्दल

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

दहावीला विज्ञानाचे दोन लेखी पेपर ४०-४० गुणांचे, उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे. ते शाळेच्या हातात. त्या २० गुणांविषयी लिहिते आहे.

सोलापुरातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. आमच्याकडे ताईच्या जुन्या जर्नलवरून धाकटीचं जर्नल उतरतं, सही होते आणि १८ च्या खाली सहसा कोणी येत नाही. असे गुण मीही दिलेत. सहायक नाही, तास पुरत नाही, वर्गात साठ मुलं. कारणं पुष्कळ, पण सही माझीच.

गेल्या एप्रिलमध्ये दहावीत जाणाऱ्या मुलांना ‘उष्णता’ धडा आगाऊ घेतला. आर्द्रता फळ्यावर शिकवली की मुलं व्याख्या घोकतात. म्हणून दोन थर्मामीटर घेतले, एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळली आणि सकाळची शाळा सुटताना व्हरांड्यात टांगले. कोरडा ३८ वर, ओला २२ वर. १६ अंशांचा फरक! चिंधीतल्या पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं. हवा जितकी कोरडी तितकी वाफ झपाट्यानं होते. घरी तेलुगू बोलणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी पूर्व भागातली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, म्हणून मुंबईला मावशीकडं कूलर काय कामाचा नाही!” मग पावसाळ्यात माठातलं पाणी तेवढं गार का होत नाही, ते मागच्या बाकावरून आलं. पुढचा धडा मला फारसा शिकवावा लागलाच नाही. (याच मुलीनं व्याख्येतला शब्द इकडचा तिकडे केला की पेपरात गुण जातो. असो.)

बारावीच्या प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षक येतो. दहावीलाही शेजारच्या शाळेतला शिक्षक पाठवा. चिठ्ठीत निघेल तो प्रयोग मुलानं त्याच्यासमोर करायचा, बस. स्मार्ट बोर्ड नंतर आला तरी चालेल. आधी प्रयोगशाळा सहायकाचं रिकामं पद भरा. आणि परीक्षानळी फुटली तर शिक्षकाकडून भरपाई घ्यायची नाही, असं एकदा लेखी कळवा. आमचं काचसामान कपाटात कुलूपबंद असतं ते त्या भीतीनंच.

पहिल्या वर्षी आमच्या शाळेचे गुण घसरतील. पालक मलाच जाब विचारतील. विचारू देत.

आपली,
सोलापुरातील एक विज्ञान शिक्षिका