लाहीच्या उंचीवरून

पुणे, ८ जून

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

नागपूरहून मी सुखरूप पोचले ते फोनवर कळवलंच आहे. आई, तुझ्या दशम्या बडनेरा यायच्या आतच संपल्या. शेजारच्या सीटवरच्या आजींनाही दोन दिल्या, त्यांनी तुझी आठवण काढून खाल्ल्या.

फोनवर रोज बोलत असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. पण फोनवर मी तुमच्या तब्येतीचा विषय काढला की तुम्ही दोघं 'बरं आहे सगळं, तू तुझं बघ' म्हणून मोकळे होता. पत्राला मध्येच थांबवता येत नाही. म्हणून लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबा, मोठ्याने तुम्ही वाचा, आईचा चष्मा अजून दुकानातून यायचा आहे.

नवतपा, मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेले होते, आठवतं? पारा ४५ च्या वर होता, कूलर बंद, तुम्ही दोघं आत पडला होतात. आपली कुत्री लाही हॉलमध्ये मोरीच्या भिंतीला लागून, पोट फरशीला चिकटवून चारी पाय पसरून निजली होती. घरातली सगळ्यात गार फरशी तीच, कारण भिंतीपलीकडे पाण्याची टाकी आहे. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मीही चटई बाजूला सारली आणि तिच्याजवळ फरशीवर गाल टेकून आडवी झाले.

तिथून आपलं घर मी पहिल्यांदा तिच्या उंचीवरून पाहिलं. बंगईच्या कड्या दिसत नाहीत तिथून, फक्त पाटाची खालची बाजू दिसते. देवघरातला दिवा दिसत नाही, वास येतो. भिंतीवरचे आपले फोटो, माझी पदवी, तुमच्या निवृत्तीच्या वेळचं मानपत्र, लाहीच्या जगात यातलं काहीच नाही. तिच्या जगात आहेत पाय आणि चपला. दाराशी तुमच्या दोघांच्या चपला होत्या. बाबा, तुमच्या डाव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने पार झिजून तिरपी झाली आहे. उजवी अजून नव्यासारखी आहे. मी ती चप्पल किती वेळ बघत होते. चालण्यात फरक पडल्याशिवाय एकच चप्पल अशी झिजत नाही.

आणि मग दिवाणाखाली पाहिलं तर तिथे गोळ्या होत्या. सात. मी हात घालून एकेक बाहेर काढली, धूळ पुसली, तळहातावर ठेवली. पांढऱ्या, बारीक, मधे रेघ असलेल्या. बाबा, तुमच्या सकाळच्या रक्तदाबाच्या गोळ्या.

तेव्हा मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र धरून समोर बसून राहिले आणि पाहिलं. पाकिटातून गोळी दाबून काढताना तुमचा अंगठा थरथरतो, गोळी उडते, टप्पा खाऊन दिवाणाखाली जाते. तुम्ही एक क्षण तिकडे बघता. वाकायचं की नाही, याचा विचार चाललेला दिसतो. मग तुम्ही पाणी तेवढं पिता आणि पेला खाली ठेवता, आणि आई आतून विचारते, "गोळी घेतली का?" तेव्हा "हो" म्हणता. बाबा, मला राग आला नाही. मला रडू आलं.

लाही त्या गोळ्यांकडे गेली नाही, हे आपलं नशीब. साडेसहा किलोचा जीव आहे तो. माणसाच्या रक्तदाबाची एक गोळी पोटात गेली तर तिचा दाब धाडकन खाली येऊ शकतो. स्वतःसाठी नाही तर तिच्यासाठी तरी आता गोळी ताटलीवर हात धरून काढा. मी आठवड्याच्या सात खणांचा डबा आणून देवघराच्या फळीवर ठेवला आहे. त्याचं झाकण नखाने उघडतं, दाबावं लागत नाही. रविवारी आईने सगळे खण भरायचे. एवढं माझं ऐका.

लाहीच्या डोळ्यांची मात्र काळजी करू नका. तुम्ही दोन महिने मनात धरून बसला होतात की तिला दिसेनासं झालं, कारण अंगणातल्या गवतात टाकलेला लाल चेंडू तिला सापडत नव्हता, ती वास घेत घेत त्याच्या बाजूने निघून जायची. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिला नेलं तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिलं आणि सांगितलं, डोळे चांगले आहेत. कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग कळतो, लाल आणि हिरवा वेगळा काढता येत नाही. हिरव्या गवतावरचा लाल चेंडू तिच्या लेखी मातकट गवतावरचा मातकट गोळा. आता म्हातारपणी ती नाकाच्या भरवशावर हळूहळू शोधते, एवढंच. संध्याकाळी मी धरमपेठेतून निळा चेंडू आणला आणि टाकला, तर ती कशी धावली! बाबा, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. किती दिवसांनी तुम्हाला तसं हसताना पाहिलं.

समोरच्या काकू म्हणतात म्हणून तिचे केस मात्र कापू नका. उन्हाळा आहे, अंगावर एवढी लोकर आहे, तिला उकडत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण डॉक्टरांनी बजावलंय की तिच्या केसांचे दोन थर आहेत आणि तेच कातडीला उन्हापासून वाचवतात. विंचरून मेलेले केस काढायचे, बस्स. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंज्यांतून, बाकी बहुतेक गरमी धापा टाकून बाहेर काढावी लागते. म्हणून तिला सकाळी सहाच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावरच बाहेर न्यायचं. आधी आपल्या हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघायची. आपल्याला धरवत नसेल तर तिच्या पंज्यांनाही सोसणार नाही.

फिरायला नेण्यावरून आठवलं. पहिल्या दिवशी मी तिला घेऊन निघाले, म्हटलं नेहमीसारखं मोठ्या मैदानापर्यंत जाऊन येऊ. हनुमानाच्या देवळाशी आलो आणि ती वळली. साखळी ओढली तरी पुढे येईना. बसली, आणि घराकडे तोंड केलं. मला वाटलं, नऊ वर्षांची झाली, थकली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाबा, तुम्ही बरोबर आलात, आणि देवळाशी येताच तुम्ही कठड्याला हात टेकून म्हणालात, "झालं आपलं, चला आता." तेव्हा कळलं. थकली ती नव्हती. तिने फक्त तुमचा पल्ला लक्षात ठेवला होता.

आणि आई, जिन्याचंही तेच. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या तेव्हा लाही पाखरं हाकलायला तुझ्याबरोबर वर जायची. माझ्याबरोबर आली तरी ती सातव्या पायरीवर थांबून बसायची, वळून माझ्याकडे बघायची, मी पुढे गेले की गोंधळायची. सातव्या पायरीवर काय आहे, मला कळेना. मग एका सकाळी तू गव्हाच्या चिकाचं पातेलं घेऊन वर निघालीस, मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. सातव्या पायरीवर तू पातेलं कठड्यावर टेकवलंस, पदराने तोंड पुसलंस आणि उभी राहिलीस. चांगली चार-पाच मिनिटं. लाही तुझ्या पायाशी बसून राहिली, तुझा श्वास शांत होईपर्यंत. मग दोघी वर निघालात.

सोळा दिवस मी घरात होते, आई, आणि तू मला एकदाही दम लागतो म्हणाली नाहीस.

कुरडया करू नकोस असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात तुझ्या हातची कुरडई तळली नाही तर तुलाच चैन पडायचं नाही. पण पुढच्या वर्षी खाली अंगणातच खाट टाकून त्यावर घाल. ऊन तिथेही दुपारी तीनपर्यंत असतं, मी बघून ठेवलंय. आणि या महिन्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं. वेळ मी घेऊन ठेवते, जाताना भाच्याला बरोबर पाठवते.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला दोन दिवस लागले.

निघायच्या तीन-चार दिवस आधीची गोष्ट. रात्री लाहीच्या नखांचा फरशीवर टकटक आवाज आला. ती बाबांच्या खोलीच्या दारात झोपते, तिथून उठून कुठे निघाली म्हणून मी मागे गेले. घड्याळात दोन वाजून गेले होते. स्वयंपाकघरात दिवा नव्हता, खिडकीतून रस्त्याचा उजेड येत होता. आई, तू पाटावर बसली होतीस, पाय लांब करून, गुडघे चोळत. लाही गेली आणि तिने हनुवटी तुझ्या पावलावर ठेवली. रोजची जागा असल्यासारखी.

तू तिच्याशी बोलत होतीस. आमच्याशी तू शहरातलं बोलतेस, तिच्याशी दर्यापूरचं बोललीस, तुझ्या माहेरचं. "काहून उठली वं बाई? मले झोप नाही येऊन राहिली, तुले काय झालं?" मग थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणालीस, "पाय लई दुखून राहिले वं. मनूले नको सांगू. उगाच जिवाले घोर लावून घेईन थे."

मी बोळात उभी होते. चार पावलं टाकली असती तर तुझ्याजवळ बसता आलं असतं, पाय चेपता आले असते. पण मी गेले नाही. मला वाटलं, मी समोर आले की तू लगेच उठशील, दिवा लावशील, 'पाणी प्यायला उठले होते' म्हणशील, आणि हे बोलणं संपेल. लाहीजवळ तुला जे हलकं करता येतं ते माझ्यासमोर पुन्हा पोटात जाईल. म्हणून मी मागे फिरले. तेव्हापासून ती चार पावलं माझ्या मनातून जात नाहीत. माफ कर.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ही टोपलीतून घरी आली तेव्हा मूठभर होती. पोरांच्या लाकडी बैलाला बघून भुंकता भुंकता मागे पडली होती, आणि पांढरी, फुललेली म्हणून आई तू तिला लाही म्हणालीस. मला तेव्हा वाटलं होतं, आम्ही दोघं भावंडं बाहेर, यांना विरंगुळा होईल. विरंगुळा कसला, तुमच्या दोघांच्या दिवसाची सगळी नोंद या एवढ्याशा जनावराकडे आहे. कोण किती वाजता उठलं, कोण कुठे थांबलं, कोणाचं ताट अर्धं परत गेलं. कूलरच्या मोटरवर ती चार दिवस भुंकत होती, तुम्ही तिला रागावलात, आणि पाचव्या दिवशी मोटर जाम झाली. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. मोटरची कुरकुर तिला आपल्या आधी ऐकू आली असणार. तसंच तुमचंही तिला आधी कळतं. मला मात्र फक्त फोनवरचा आवाज मिळतो, आणि तुम्ही दोघं फोन उचलायच्या आधी खाकरून तो नीट करून घेता.

म्हणून एकच मागणं आहे. स्वतःबद्दल सांगायला तुम्हाला जमत नाही, ते मला आता कळलंय. मग स्वतःबद्दल नका सांगू. रोज रात्री फोन करीन तेव्हा मला लाहीचं सांगा. आज ती कुठवर फिरून आली, देवळापर्यंत की त्याच्याही अलीकडून परतली. जिन्यात कितव्या पायरीवर बसली. रात्री कितीदा उठली, आणि उठून कोणाकडे गेली. तिला काय खाऊ घातलं. बाबा, रविवारच्या तर्री-पोह्यातला घास तिला देऊ नका, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पण तुमच्या बशीत किती उरले, ते मात्र सांगा.

बाथरूममध्ये धरायला दांडे बसवायला मिस्त्री बुधवारी येईल. पैसे दिले आहेत, त्याला परत पाठवू नका. बाबांसाठी मागून पट्टा असलेल्या सँडल पाठवल्या आहेत, जुन्या चपला ठेवायच्या असतील तर ठेवा, घालू नका. निळा चेंडू फ्रिजच्या वर ठेवला आहे, रोज संध्याकाळी पाच-सहा वेळाच टाकायचा, तिला जास्त धाप लागू द्यायची नाही.

पोळ्याला मी येते आहे, तिकीट काढलं आहे.

आत्ता लिहिताना रात्रीचे सव्वादोन वाजले आहेत. लाही उठली असेल. आई, यापुढे अशा वेळी पाटावर बसशील तेव्हा तिच्याशी बोलून झालं की मला फोन लाव. दर्यापूरचंच बोल. मी उचलते.

तुमची,
मनू