एक फॉल-पिको, एक घर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'आधी बचत, मग खर्च' हे आपल्या अर्थविषयक पानावर गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचलं. पगाराच्या वीस टक्के रक्कम पहिल्या तारखेलाच बाजूला काढा, असं त्यात होतं. मी सिन्नरला घरीच शिलाईकाम करते. मला पहिली तारीख नाही. वैशाखात मशीनवरून उठायला सवड नसते आणि पितृपक्षात मशीनवर धूळ बसते. वीस टक्के काढायचे कशाचे?

पैसे बाजूला टाकणं मला नवं नव्हतं, ते टिकत नव्हते एवढंच. आधी तूरडाळीच्या डब्यात तळाशी ठेवायचे. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशेच्या नोटा बंद झाल्या आणि नऊ नोटा यजमानांसमोर डाळ झटकून बाहेर काढाव्या लागल्या. गुपितही गेलं आणि पैसेही घरखर्चात जिरले. मग बारा जणींची भिशी लावली, महिना हजाराची. तिसऱ्याच महिन्यात माझी चिठ्ठी निघाली, बारा हजारांचा फ्रिज आला आणि पुढचे नऊ महिने मी फ्रिजचा हप्ता भरत बसले. भिशी शेवटी लागली तर बचत, आधी लागली तर कर्ज. हे कुठल्या लेखात का नसतं, कोण जाणे.

मला हवी होती पैठणी. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पैठण्यांचे ब्लाउज शिवतेय. हातमागाची असली की पदर उलट बाजूनेही सुलटीसारखाच दिसतो, धागे लोंबत नाहीत. त्यामुळे ब्लाउजपीस कापायच्या आधी मी पदर उलटून बघतेच, तेवढीच हौस. येवल्याला चौकशी केली, तर मनात भरली तिची किंमत ३२ हजार.

बत्तीस हजार हा आकडा माझ्या डोक्यात मावेना. मुलीच्या जुन्या वहीत आलेखाचा कागद सापडला. त्यावर आडवी सोळा आणि उभी वीस अशी ३२० घरं आखली. एक घर शंभराचं. मी एका साडीच्या फॉल-पिकोचे शंभर घेते, म्हणजे बत्तीस हजार म्हणजे तीनशे वीस साड्या. हे मात्र मला कळलं. पेन्सिलीने त्या घरांत मोर काढला, पदरावर असतो तसा, भोवती जांभळी जमीन, आणि कागद मशीनसमोरच्या भिंतीला डकवला. २०२३ चा गुढीपाडवा होता.

नियम एकच. पतसंस्थेचे पिग्मीवाले भाऊ संध्याकाळी येतात, त्यांच्याकडे पैसे देऊन नोंद झाली की मगच घर रंगवायचं. एकदा उधारी येणारच म्हणून तीन घरं आगाऊ रंगवली. उधारी आली नाही, आणि आठवडाभर मोराकडे बघायची लाज वाटली. (पिग्मीत फार रक्कम मी साठू दिली नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला तसं नसतं. थोडे जमले की उचलून बँकेत टाकायचे.)

खालून वर भरत गेले. पाय पटकन झाले. जमिनीच्या नुसत्या जांभळ्या ओळी फार कंटाळवाण्या, तिथे हात थांबायचा. पण मोराचं पोट झालं आणि गिऱ्हाइकं विचारायला लागली, "काकू, मान कधी येणार?" एका बाईंनी तीन महिन्यांची थकलेली उधारी मोजून दिली नि म्हणाल्या, "माझ्या तीनशेत चोच होते का बघा." झाली! मुलगा म्हणतो, आई, हे मोबाईलवर होतं, ॲपमध्ये हिरवी पट्टी सरकत जाते. एकदा त्याने लावून दाखवलं, ४३ टक्के. आता ४३ टक्क्यांना कुठली मान आणि कुठली चोच?

मधेच यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं आणि सात हजार काढावे लागले. कागद फाडून टाकावा असं वाटलं होतं. शेवटी भरलेल्या सत्तर घरांवर पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि त्याच घरांवर दुसऱ्यांदा रंग भरत गेले. तोवर जुना जांभळा स्केचपेन वाळून गेला होता, नवा गडद निघाला. म्हणून त्या मोराच्या पाठीमागची जमीन दोन रंगांची आहे.

३२० घरं भरली ती २०२४ च्या दत्तजयंतीच्या आठवड्यात. एसटीच्या अर्ध्या तिकिटात येवला गाठलं, तर भाव चढून ३४ हजार झालेले. विणकर दादा म्हणाले, "ताई, रेशीम महागलंय, मी तरी काय करू?" मागावर बसलेल्या माणसाशी घासाघीस करायला माझी जीभ रेटेना, शिलाईचे पैसे कमी करा म्हणणारी माणसं मी रोज बघते. परत आले आणि मोराच्या पायांखाली आणखी वीस घरं आखली. गवत म्हणून. पौषात लग्नं नसतात, पण संक्रांतीच्या काळ्या साड्यांनी तारलं. पुढच्या खेपेला पैठणी घेऊन आले. पदर आधी उलटून बघितला, अर्थातच.

ब्लाउज अजून शिवलेला नाही. गिऱ्हाइकांचे आधी.

तर संपादक महाशय, एक विनंती आहे. त्या पानावर व्याजदरांचे तक्ते तुम्ही नेहमीच छापता. एखाद्या रविवारी पाव पान नुसती रिकामी घरं छापा. चारशे पुरेत. वर आकडा घालू नका, खाली टक्के नकोत आणि चित्रही तुम्ही काढू नका. कुणाला त्यात स्कूटी काढायची असेल, कुणाला पिठाची गिरणी. कागद मात्र जरा जाड वापरा, आपल्या पेपरवर स्केचपेन पलीकडे फुटतो.

आपली,
एक शिलाईवाली वाचक, सिन्नर (जि. नाशिक)