व्हिएन्नाहून पत्र: उभ्याने ऐकलेला ऑपेरा

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

व्हिएन्नासारख्या महागड्या शहरात विद्यार्थ्याच्या तुटपुंज्या पैशांत संगीत ऐकणे कसे परवडते, असे बाबांनी विचारले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

येथील सरकारी ऑपेरागृहात, म्हणजे पाश्चात्य संगीत नाटकांच्या नाट्यगृहात, चांगल्या खुर्चीसाठी 200 युरोंहून अधिक मोजावे लागतात. परंतु त्याच सभागृहात उभे राहून ऐकण्यासाठी 400 हून अधिक जागा राखलेल्या आहेत आणि त्यांचे तिकीट 20 युरोंच्या आत मिळते. तळमजल्यावरच्या उभ्या जागा तर मधल्या मानाच्या कक्षाच्या थेट खाली आहेत, त्यामुळे रंगमंच अगदी समोर दिसतो. बाबा, सवाई गंधर्व महोत्सवात आपण चादर अंथरून जागा धरतो, तसा येथे पुढच्या कठड्याला गळपट्टा बांधतात आणि मध्यंतरातही त्याला कोणी हात लावत नाही. वर्षानुवर्षे तेथेच उभे राहणाऱ्या श्रोत्यांइतकी चोखंदळ दाद मला खुर्च्यांमधून क्वचितच ऐकू आली आहे.

मार्च 1945 मधील बॉम्बहल्ल्यात ही वास्तू जळाली. पुढची दहा वर्षे ऑस्ट्रिया देश परकीय सैन्यांच्या ताब्यात असतानाही लोकांनी ती पुन्हा उभारली आणि 5 नोव्हेंबर 1955 रोजी बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ने, म्हणजे कैदेतून सुटकेच्या कथेने, तिचे दार उघडले. आजही ती मोठ्या प्रमाणात जनतेच्या करातून चालते, आणि म्हणूनच कमी पैसेवाल्याला तेथे उपकार म्हणून नव्हे, हक्काने जागा मिळते, असे मला मनापासून वाटते. वसंतात आणि सप्टेंबरात काही प्रयोग बाहेरच्या चौकातील मोठ्या पडद्यावर विनामूल्यही दाखवतात.

कार्ल्सप्लाट्झ या चौकाजवळच्या व्हिएन्ना संग्रहालयातील कायमचे प्रदर्शन डिसेंबर 2023 मध्ये सर्वांना मोफत खुले झाले. पाणी विकत घेण्याची गरज नाही. आल्प्समधील झऱ्यांचे पाणी 1873 पासून नळाने शहरात येते.

आईला माझ्या रात्रीच्या फिरण्याची काळजी वाटते, ती तिने करू नये. शुक्रवारी आणि शनिवारी मेट्रो रात्रभर चालते. प्रयोग संपल्यावर आम्ही मैत्रिणी डॅन्यूबच्या कालव्याकाठी जातो. तेथील उपाहारगृहे महाग असली, तरी दुकानातून आणलेले सरबत आणि पाव घेऊन काठाच्या पायऱ्यांवर बसलेल्या तरुणांची मध्यरात्रीही गर्दी असते, कोणी गिटार वाजवते आणि अनोळखी माणसे गप्पांत सामील होतात.

तुम्ही दोघे मे किंवा जूनमध्येच यावे, कारण जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरागृह बंद असते. आईच्या गुडघ्यांना तीन-चार तास उभे राहणे झेपणार नाही, म्हणून तिच्यासाठी मी वरच्या गॅलरीतील मधली खुर्ची घेईन. बाजूच्या कक्षांतील मागच्या खुर्च्या स्वस्त असल्या तरी तेथून रंगमंच अर्धाच दिसतो. तारखा लवकर कळवाव्यात, म्हणजे तिकिटे वेळेत काढता येतील.

तुमची,
धाकटी