बंदी घाला, पण आधी कागद पक्का करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख वाचला. परदेशी द्वेषप्रचारकांना देशात येऊ देऊ नये हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ‘त्यांना विमानतळावरूनच परत पाठवा’ हा आपला उपाय मात्र अजिबात मान्य नाही. या कामातली विमानतळ ही शेवटची आणि सगळ्यांत कच्ची पायरी आहे. माणूस तिथे पोचतो तोवर आयोजकांनी सभागृहाचे पैसे भरलेले असतात, पत्रके वाटून झालेली असतात आणि काउंटरवरच्या अधिकाऱ्याला एका पासपोर्टसाठी एक-दोन मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात द्वेषप्रचारक ओळखता येत नाही. स्क्रीनवर आधीच काही लिहिलेले असेल तर ते वाचता येते, इतकेच.

ब्रिटनने मुंबईचे इस्लामी प्रचारक झाकीर नाईक यांना रोखले, हे उदाहरण आपण दिले आहे. उदाहरण योग्य आहे, पण ते आपल्या उपायाच्या विरुद्ध जाते. नाईक विमानतळावर अडवले गेले नव्हते. जून २०१० मध्ये लंडन आणि शेफील्डची व्याख्याने ठरलेली होती आणि ते अजून ब्रिटनबाहेरच होते, तेव्हाच गृहमंत्री थेरेसा मे यांनी निर्णय घेतला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, प्रवेशबंदी. दुसरी, त्यांच्याकडे असलेला अनेक वेळा येण्याचा व्हिसा रद्द. ही दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. व्हिसा जिवंत राहिला तर विमान कंपनी प्रवाशाला बसवून आणते, आणि मग तमाशा इमिग्रेशनच्या रांगेत होतो.

त्या निर्णयामागे लेखी कसोटीही होती. ७ जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांनंतर कोणत्या वागण्यासाठी परदेशी माणसाला रोखता येईल, याची यादी ब्रिटनच्या गृहखात्याने ऑगस्टमध्ये जाहीर केली. दहशतवादी हिंसेला चिथावणी देणे, तिचे समर्थन किंवा उदात्तीकरण करणे, इतरांना गंभीर गुन्ह्यांसाठी भडकावणे, आणि समाजासमाजांत हिंसा घडवू शकेल असा द्वेष पसरवणे. माध्यम कोणते तेही सांगितले होते: भाषण, प्रवचन, छापील मजकूर, वेबसाइट, शिक्षकाचे किंवा पुढाऱ्याचे पद. नाईक यांच्या फाइलमध्ये त्यांचीच वाक्ये होती. वाक्ये संदर्भ सोडून घेतली, असे त्यांच्या बाजूने सांगण्यात आले. ते लेखी म्हणणे विचारात घेऊन ऑगस्टमध्ये निर्णय कायम केला गेला. म्हणूनच नोव्हेंबर २०१० मध्ये उच्च न्यायालयात आणि डिसेंबर २०११ मध्ये अपील न्यायालयात तो टिकला.

आता त्याच मंत्र्यांच्या हाताखाली, एकाच वर्षाने, काय झाले ते बघा. अग्रलेखात याचा उल्लेख नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. शेख राएद सलाह हे इस्रायलचे नागरिक आणि तिथल्या इस्लामिक चळवळीच्या उत्तर शाखेचे नेते. जून २०११ मध्ये त्यांच्यावर प्रवेशबंदीचा आदेश निघाला. इस्रायली पासपोर्टवर ब्रिटनच्या छोट्या भेटीसाठी व्हिसा लागत नव्हता, म्हणजे व्हिसाच्या टप्प्यावर अडवायची सोयच नव्हती. आदेश त्यांच्या हातात पडला नाही. २५ जूनला ते हीथ्रोला उतरले आणि सरळ बाहेर पडले. तीन दिवसांनी रात्री त्यांना पकडले. अटकेचे कारण त्यांना समजेल अशा भाषेत वेळेवर सांगितले नाही, म्हणून सुरुवातीच्या दिवसांची कोठडी उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली आणि ते भरपाईस पात्र ठरले.

याहून वाईट पुढे झाले. एप्रिल २०१२ मध्ये इमिग्रेशनची अपिले ऐकणाऱ्या वरिष्ठ लवादाने त्यांचे अपील मान्य केले. सरकारने पुराव्यात त्यांची एक कविता दिली होती. ती ज्यूंना उद्देशून आहे, असे मंत्र्यांपुढे ठेवलेल्या उताऱ्यात दिसत होते. मूळ कवितेत ज्यूंचा उल्लेखच नव्हता, तो मागाहून घुसडलेला होता. मंत्र्यांची दिशाभूल झाली, असे लवादाने स्पष्ट नोंदवले. त्यांचे एक दुसरे भाषण खरोखर गंभीर होते, आणि ते त्यांनी केले हे लवादानेही मानले. तरी एकूण बंदी प्रमाणाबाहेर ठरली. खरा पुरावा हातात असताना खोट्या उताऱ्यावर भर दिला की असेच होते. ज्यांच्याविरुद्ध तो द्वेष होता, त्या लोकांचेच यात नुकसान झाले.

इस्लामविरोधी प्रचार करणारे डच खासदार गीर्ट विल्डर्स यांचेही तेच. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांना हीथ्रोवरून, आपल्या सल्ल्याप्रमाणे, परत पाठवले. ते युरोपीय संघाचे नागरिक, त्यांना रोखण्यासाठी कायद्याची कसोटी जास्त कडक होती. ऑक्टोबरमध्ये लवादाने बंदी उठवली आणि त्याच महिन्यात ते लंडनला आले, पहिल्यापेक्षा जास्त कॅमेरे घेऊन.

अग्रलेखात एकाच धर्माचे प्रचारक दिसतात, हेही खटकले. कुराण जाळण्याची धमकी देणारे अमेरिकी पाद्री टेरी जोन्स यांना ब्रिटनने २०११ मध्ये रोखले, मुस्लिमविरोधी प्रचारासाठी पामेला गेलर आणि रॉबर्ट स्पेन्सर यांना २०१३ मध्ये. माप एकच असले तरच ते कोर्टात उभे राहते.

भारतात सरकारचे अधिकार वाढवा, असे आपण लिहिता. अधिकार आधीच भरपूर आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्याने १९२० आणि १९४६ चे जुने कायदे मोडीत काढले, आणि प्रवेशाबाबत इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम ठेवला. उणीव कसोटीची आहे. भारताचे व्हिसा नियम विचारतात की हा माणूस धर्मप्रचार करणार का. पर्यटक व्हिसावर प्रवचन ऐकता येते, देता येत नाही. तो काय बोलतो, द्वेष पसरवतो का, हा प्रश्न त्यात मागे पडतो. एप्रिल २०२० मध्ये तबलीगी जमात या मुस्लिम धर्मप्रचार चळवळीच्या ९६० परदेशी लोकांना एका फटक्यात काळ्या यादीत टाकले. नगर जिल्ह्यातले गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले तेव्हा, ऑगस्ट २०२० मध्ये, २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द झाले. त्या लोकांवर द्वेषाच्या भाषणाचा आरोपही नव्हता. सरसकट जाळे टाकले की हेच हाती लागते, आणि खऱ्या विषारी वक्त्याची फाइल त्या गठ्ठ्यात हरवते.

फाइल कशी असावी, तेही सांगतो. पूर्ण भाषणाची नोंद लागते, दोन मिनिटांची कापलेली क्लिप नव्हे. तारीख, गाव आणि आयोजक लिहिलेले हवेत. मूळ भाषेतला मजकूर शब्दशः उतरवायचा, दोन वेगवेगळ्या भाषांतरकारांकडून भाषांतर करून घ्यायचे आणि ते जुळवायचे. मगच आक्षेपार्ह वाक्ये अधोरेखित करायची. नोटिशीत नावाची सगळी स्पेलिंग द्यावी लागतात. अरबी किंवा उर्दू नाव रोमन लिपीत पाच तऱ्हांनी लिहिले जाते आणि पासपोर्ट नवा झाला की नंबर बदलतो, त्यामुळे जन्मतारीख आणि जुने नंबर सोबत जोडावेत. ई-व्हिसा वेगळा तपासून रद्द करायचा. विमान कंपनीला आधी कळवायचे. आदेश त्या माणसाला आणि इथल्या निमंत्रकाला, दोघांनाही पोचवायचा, पोच ठेवायची. शेवटी मुदत लिहायची आणि फेरविचाराचा अर्ज कुठे करायचा तेही. यातले एक जरी राहिले तरी वकिलाला तेवढेच पुरते.

आणि शरीराला बंदी घातली म्हणजे आवाज थांबतो, असेही नाही. नाईक यांना ब्रिटनने २०१० मध्ये रोखले, पण त्यांची वाहिनी पीस टीव्ही तिथे परवान्यावर दिसत राहिली. ऑफकॉम या प्रसारण नियामकाने २०१६ मध्ये पीस टीव्ही उर्दूला ६५ हजार पौंडांचा दंड केला, परवाने २०१९ मध्ये परत केले गेले आणि २०२० मध्ये दोन्ही वाहिन्यांना मिळून ३ लाख पौंडांचा दंड झाला. म्हणजे प्रवेशबंदीनंतर नऊ वर्षे ते घरोघरी पोचत होते. तरीही बंदी हवी, कारण सभागृहात समोर बसलेल्या तरुणांना जे मिळते ते पडद्यावरून तितके मिळत नाही. पण गृहखाते आणि प्रसारणाचे खाते यांनी एकाच आठवड्यात पावले उचलायला हवीत.

जाता जाता आणखी एक. आपल्या वेबसाइटवर या अग्रलेखाखालीच एका परदेशी प्रचारकाची चाळीस सेकंदांची क्लिप लावली आहे, खाली मराठी भाषांतराच्या ओळींसकट. भाषण कुठल्या सभेतले, कधीचे, कोणत्या भाषेतले, भाषांतर कोणी केले, यातले काहीच दिलेले नाही. सलाह यांच्या फाइलमध्ये शिरलेला उतारा असाच होता. ती क्लिप आज काढावी आणि पुढे असे वाक्य छापताना मूळ तपशील द्यावा, ही विनंती.

आपला,
इमिग्रेशन प्रकरणांत काम करणारा एक वकील, ठाणे