टार्सियर पाहायला जाणाऱ्यांसाठी

महोदय,

जून 2025 पासून फिलिपिन्सने भारतीय पर्यटकांना 14 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि बोहोल बेट मराठी पर्यटकांच्या यादीत आले. तिथल्या एका दिवसाच्या सहलीचा क्रम ठरलेला असतो: चॉकलेट हिल्स, लोबोक नदीतली नौकासैर आणि टार्सियर, म्हणजे माकडांच्या गणातला एक चिमुकला प्राणी. यातल्या तिसऱ्या थांब्याबद्दल लिहीत आहोत, कारण तिथे पर्यटक कसा वागतो यावर त्या प्राण्याचे जगणे अवलंबून असते.

फिलिपिन्सचा टार्सियर 80 ते 160 ग्रॅम वजनाचा, मुठीत मावणारा. बोहोल, समार, लेयते, मिंदानाव आणि जवळची काही लहान बेटे एवढाच त्याचा मुलूख. तो पूर्ण निशाचर आहे. मांजराचे किंवा आपल्या घाटातल्या लोरिसचे डोळे बॅटरीच्या उजेडात चमकतात, कारण त्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. टार्सियरला हा थर नाही. अंधारात मिळेल तेवढा प्रकाश गोळा करण्यासाठी त्याचा डोळाच मोठा झाला आहे. नेत्रगोलाचा व्यास सुमारे 16 मिलिमीटर, म्हणजे एकेक डोळा जवळजवळ मेंदूएवढा. हे डोळे खोबणीत फिरत नाहीत; त्याऐवजी मान दोन्ही बाजूंना सुमारे 180 अंश वळते.

त्याचे छायाचित्र कोणत्या वेळी काढले हे डोळ्यांवरूनच कळते. रात्री बाहुली एवढी पसरते की डोळा काळा दिसतो. उजेडात ती टाचणीच्या टोकाएवढी होते. पर्यटन पुरवण्यांत आणि समाजमाध्यमांवर जे फोटो ‘गोंडस’ म्हणून फिरतात त्यांत बहुधा टपोरे डोळे आणि मधोमध बारीक ठिपका असतो. ज्या वेळी त्याने झोपलेले असायला हवे, त्या वेळी तो जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. तोंड उघडे दिसले की लोक जांभई समजतात. बोहोल आणि मिंदानाव येथील टार्सियरांवरचे संशोधन 2012 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात वेगळेच आढळले: आवाज ऐकू येत नसतानाही तो ओरडत असतो. त्या हाकेची मुख्य वारंवारता सुमारे 70 किलोहर्ट्झ. माणसाच्या कानाची मर्यादा 20 किलोहर्ट्झ. ही धोक्याची हाक असावी, असा संशोधकांचा कयास आहे. समोर उभ्या असलेल्या घोळक्याला ती ऐकू येणे शक्यच नाही.

‘टार्सियर डोके आपटून आत्महत्या करतो’ असे वाटाडे सांगतात आणि पर्यटक तेच पुढे सांगत राहतात. आत्महत्या हा शब्द चुकीचा आहे आणि त्याने दोष प्राण्याच्या माथी जातो. घाबरलेला टार्सियर बंदिस्त जागेत सैरभैर होऊन आदळतो, स्वतःला इजा करून घेतो, खाणे सोडतो. त्यातच तो केवळ मांसाहारी आहे; प्रायमेट गणात, म्हणजे माकडे, लोरिस, माणूस यांच्या गणात, फळ, पान, डिंक यांना अजिबात न शिवणारे फक्त टार्सियरच. नाकतोडे, रातकिडे, कोळी, लहान सरडे, तेही जिवंत आणि हलणारे. पिंजऱ्यात असा आहार रोज पुरवणे अवघड असते. पिंजऱ्यात त्याची वीण वाढवण्याचे प्रयत्नही फारसे यशस्वी झालेले नाहीत. मादीला सुमारे सहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू होते. तेव्हा रानातून उचललेला एकेक प्राणी सहज भरून निघत नाही.

रानात तो दिवसा एकटा झोपतो, बहुधा जमिनीपासून दोन मीटरच्या आत, दाट झुडपात, वेलींच्या जाळीत किंवा बांबूच्या बेटात. उभी बारीक खोडे त्याला फार महत्त्वाची, कारण एका खोडावरून दुसऱ्यावर उड्या मारतच तो शिकार करतो. एका अभ्यासात नराचा वावर सुमारे साडेसहा हेक्टरवर आणि मादीचा अडीच हेक्टरवर आढळला. म्हणून मोठे वृक्ष राखून खालची झुडपे साफ केली तर रान हिरवे दिसेल, पण टार्सियरला ते निरुपयोगी. वस्तीजवळ पाळीव मांजरांचाही त्याला धोका असतो.

1997 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने त्याला विशेष संरक्षण मिळाले. 2001 च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याला पकडणे, बाळगणे, विकणे गुन्हा आहे. त्यामुळे हातावर टार्सियर ठेवून फोटो काढू देणारा माणूस भेटला तर तिथून निघावे, पैसे देऊ नयेत.

बोहोलला जाणाऱ्यांनी तागबिलारानजवळच्या कोरेल्या गावातले अभयारण्य निवडावे. तिथे राखलेले रान आहे आणि वाटाड्याबरोबर पायवाटेने जावे लागते. एखाद-दुसराच प्राणी दिसेल, तोही पानाआड झोपलेला. फ्लॅश बंद आहे याची खात्री गाडीतून उतरण्यापूर्वीच करावी. मोबाइलमध्ये तो ‘ऑटो’वर असतो आणि सावलीत आपोआप उडतो. फोकससाठी पेटणारा दिवाही बंद करावा. बोलणे टाळावे, फांदी हलवू नये, सेल्फी-काठी पिशवीतच ठेवावी.

सहल कंपनीला पैसे भरण्यापूर्वी विचारावे: थांबा कोणत्या ठिकाणी आहे, प्राणी रानातले आहेत की आणून ठेवलेले, एका वेळी किती जणांना आत सोडतात? उत्तर मिळाले नाही तर तो थांबा कार्यक्रमातून वगळायला सांगावे. मागणी बदलली की कार्यक्रम बदलायला कंपन्यांना वेळ लागत नाही.

– निशाचर सस्तन प्राण्यांचे काही अभ्यासक, पुणे