चौके गावाच्या अलीकडच्या गॅरेजवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

त्या संध्याकाळी आभार मानायला माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पैसे पुढे केले तर तुम्ही हात जोडून मागे सरलात. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. आपल्याकडे कोणी वाईट वागलं तर ते दोन तासांत अख्ख्या वाडीला कळतं, चांगलं वागलेलं मात्र उंबऱ्याच्या आतच राहतं. तुमच्या बाबतीत तसं व्हायला नको.

2021 च्या तौक्ते वादळात मालवणची वीज गेली, तेव्हापासून आमच्या घरी इन्व्हर्टर आहे. त्याची जुनी बॅटरी संपली म्हणून नवी 150 अँपिअर-तासाची घेतली. चांगली पन्नास किलोंच्या वरची वस्तू. दुकानातल्या मुलांनी ती गाडीत मागच्या सीटपुढे, खाली नुसती टेकवून दिली. 'दोरीने आवळून द्या, खाली ट्रे ठेवा,' असं मी दोनदा सांगितलं. 'मॅडम, एवढं वजन हलतंय कुठे?' असं म्हणून ती हसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. जुनी बॅटरी उतरवून घेताना मात्र त्यांची लगबग बघण्यासारखी होती, कारण तिच्यातल्या शिशाला भाव असतो.

घरी येताना कसाल गाव सोडल्यावर एका वळणावर नवी बॅटरी कलली. आई मागेच बसली होती. बुचं सैल होती, आतलं सगळं गालिच्यावरून आईच्या पायांपर्यंत आलं. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, 'डिस्टिल्ड वॉटर असेल हो, फडक्याने पुसा, सुकेल.' भरलेल्या बॅटरीतल्या पाण्यात वजनाने सुमारे एक तृतीयांश सल्फ्युरिक आम्ल असतं, आणि हे रोज बॅटऱ्या विकणाऱ्याला ठाऊक नसावं? सुकतं ते त्यातलं पाणी. आम्ल तिथेच राहतं आणि उलट आणखी तीव्र होत जातं. पुढे एका वॉशिंग सेंटरवर थांबलो. तिथे शॅम्पू आणि सेंटचा दर सांगण्यात आला. आई मागे पाय वर घेऊन बसली होती, तिच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. विहिरीवर पाण्याची मोटर चालू होती, पण एक बादली पाणी कोणी पुढे केलं नाही. याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

मग तुमचं गॅरेज दिसलं. तुम्ही शटर ओढायला लागला होतात. मी गाडीबद्दल सांगू लागले, तर तुम्ही मध्येच थांबवून म्हणालात, "गाडी खंय पळान जाता? आधी आवशीचे पाय बघूया." तिला पायरीवर बसवलंत आणि बावीवरून कळश्यांवर कळश्या आणून पाणी ओतत राहिलात. आम्ल मारायला खायचा सोडा लावू का असं मी विचारलं तर म्हणालात, सोडा गाडीला, कातडीला नुसतं पाणी. चांगली वीस मिनिटं ओतलंत, आईने 'पुरे' म्हटल्यावरही.

आणि दादा, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहिते आहे ते आता सांगते. आईच्या बोटांत जोडवी होती. त्यांच्याखाली आम्ल अडकून बसेल, ती काढायला हवीत, हे तुमच्या लक्षात आलं. पण तुम्ही हात लावला नाहीत. घराकडे तोंड करून वहिनींना हाक मारलीत, त्या येईपर्यंत पाणी ओतत राहिलात, आणि त्या आल्यावर कळशी त्यांच्या हातात देऊन तुम्ही पाठ फिरवून उभे राहिलात. वहिनींनी आधी आईला विचारलं. लग्नापासून ती बोटांतून निघाली नव्हती. साबण लावून, हलक्या हाताने सोडवून, धुऊन, पुसून त्यांनी ती आईच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली, म्हणजे गडबडीत हरवायला नकोत. आई तोवर गप्प होती. गाठ बांधून झाल्यावर ती पहिल्यांदा रडली, आणि मला बरं वाटलं.

भाजलेल्या पायाला पाणी घालावं हे सांगून कळतं. पण वेदनेत असलेल्या म्हाताऱ्या बाईचीही लाज राखावी लागते, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत असतील? तुमच्या घरात ते आहे. अशी माणसं गावोगावी असतात म्हणूनच आमच्यासारख्या बायका रात्रीच्या रस्त्याला निघू शकतात. रस्ता चौपदरी झाला म्हणून नव्हे.

गाडीचं काम तुम्ही कंदिलासारखा मिणमिणता दिवा लावून केलंत. गालिचा उचलल्यावर खालचा फोम भिजलेला निघाला, तो नुसता पुसून गेला नसता. वहिनींनी स्वयंपाकघरातला खायच्या सोड्याचा डबा आणून दिला. फसफस थांबेपर्यंत तुम्ही पुन्हा पुन्हा सोडा टाकलात, आणि धुतलेलं पाणी बादलीत टिपून घेतलंत, कारण 'बावीकडे उतार आसा'. दुसऱ्याच्या गाडीच्या घाईत स्वतःच्या विहिरीचा आणि शेजाऱ्यांच्या कलमांचा विचार तुम्हाला सुचला.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. मागचा सीटबेल्ट वरून धड दिसत होता, तरी बदलला. पत्रा घासून रंग मारून घेतला. आपल्या खाऱ्या वाऱ्यात तो पावसाळाभरही टिकला नसता. आईची सुती साडी वरून ठीक वाटत होती, पण धुतल्यावर काठाला भोकं पडली. तुमचं म्हणणं खरं निघालं. पायांवर आता फक्त दोन फिकट डाग आहेत. डॉक्टर म्हणाले, वेळेवर पाणी पडलं म्हणून.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. पण वहिनींचा सोड्याचा डबा आम्ही रिकामा केला, तो भरून, सोबत आईने केलेलं कोकमाचं आगळ घेऊन येत्या रविवारी आम्ही येणार आहोत. हे मात्र परत करू नका. आई वहिनींना भेटायचं म्हणून हटून बसली आहे.

तुमची,
मालवणच्या त्या आजींची लेक